कुलूपवाली अक्षरं

"पण भंतेजी, घट्ट धरून ठेवणं ही चूक कशी काय होऊ शकते?"

चुलीवरच्या हंड्यात पळसाची फुलं शिजून राहिली होती. भंतेजी काठीनं ढवळत बसले.

विचारणारा होता शीलवंत नगराळे. डॉक्टर, पण सर्दी-खोकल्याचा नाही. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतला, डीएनएवाला डॉक्टर. पोट्टा इथलाच, या टेकडीखालच्या गावचा. पण आता असा बोलायचा की वाटे, रेडिओवर बातम्या देऊन राहिला.

आणि भंते रेवत म्हणजे... भिक्खूचं चीवर अंगावर यायच्या आधी ते कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. शीलवंतलेही त्यांनीच शिकवलं. आता टेकडीवरच्या विहारात राहतात आणि चीवर स्वतःच रंगवतात. बाजारात आयतं मिळते. पण त्यांले सांगणार कोण?

शीलवंत खरं म्हणजे उत्पलासाठी आला होता. उत्पला गावातलीच, शिवणक्लास चालवते. शीलवंतच्या एका रिपोर्टनं तिचं जमलेलं लग्न मोडलं. आणि तो रिपोर्ट चुकलेला होता. हे त्याले माहीत होतं, तिले नव्हतं. तिले सांगायचं का नाही, हे विचारायले तो टेकडी चढला.

पण सुरुवात केली घट्ट धरण्यापासून. पोट दुखत असताना डॉक्टरले गुडघा दाखवावा, तसं.

"भंतेजी, ऐकताय ना?"

"ऐकून राहिलो. हंड्यात काठी आहे, कान नाही."

शीलवंत हसला. मांडी बदलली. पँट महागाची होती, मांडी घालायसाठी शिवलेलीच नव्हती.

"माझा प्रोब इतका मजबूत आहे की तसा दुसरा कुणाकडे नसेल. परदेशातले लोकसुद्धा विचारतात, कसा केला म्हणून."

आता हे प्रोब काय असते, ते सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

डीएनए म्हणजे दोन पेड. वेणीसारखे, फक्त तीन नाही, दोनच. या पेडावरचं अक्षर त्या पेडावरच्या आपल्या जोडीदार अक्षराले धरून बसते. तापवलं की हात सुटतात, पेड वेगळे. निवलं की पुन्हा धरतात. कोणती जोडी किती गरमीत सुटते, हे मोजण्यावर या लोकांचं पोट चालते.

शीलवंतनं असा एक छोटासा पेड प्रयोगशाळेत बनवला. तोच प्रोब. त्याचं काम एकच. माणसाच्या रक्तात सिकलसेलचं अक्षर आहे का, ते हुडकायचं. सिकलसेलची बिमारी आमच्याकडं घरोघर माहीत आहे. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लेकरू दुखण्यानं ओरडते. सगळी गडबड एका अक्षराची. मायकडूनही ते अक्षर आलं आणि बापाकडूनही, तर बिमारी. एकाकडूनच आलं, तर माणूस ठणठणीत, फक्त वाहक. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर लेकराले बिमारी व्हायची चारात एक शक्यता.

म्हणून आमच्याकडं लग्न जमवताना पत्रिका कोणी मागत नाही. रिपोर्ट मागतात.

प्रोबले सिकलचं अक्षर सापडलं की तो चिकटते आणि चमकते. नाही सापडलं, तर नुसता टेकून बसते, गरम पाण्यानं धुतलं की निघून जाते. बस. एवढंच.

"आधी केवढा मजबूत होता?" भंतेजींनी विचारलं.

"साधारण. दोन अक्षरांना कुलूप होतं."

"कुलूप?"

"तुम्हाला माहीतच आहे, भंतेजी. अक्षराखाली साखर असते ना, तिच्यात एक छोटा पूल बांधून टाकायचा. मग ती हलत नाही. जोडी जास्त उष्णता सहन करते."

"मले माहीत आहे. तुले माहीत आहे का, ते पाहतो."

शीलवंतचे कान लाल झाले. पण थांबला नाही.

"उन्हाळ्यात इथं शिबिर घेतलं होतं. पाणी थोडं जास्त तापलं की खरी जोडीही सुटायची. माणूस वाहक, आणि रिपोर्ट कोरा. ते कसं चालेल? म्हणून मी कुलुपं वाढवली. सात केली. आता पाणी उकळायला आलं तरी सुटत नाही."

हे त्यानं असं सांगितलं, जसं घरात जुळं झालं.

"वा," भंतेजी म्हणाले.

"वा म्हणजे?"

"वा म्हणजे वा."

हंड्यात बुडबुडे आले. पाणी केशरी झालं होतं.

भंतेजी उठले. दोन बादल्या ओढल्या. एकीतून एक पांढरं फडकं काढलं, दुसरीतून दुसरं. दोन्ही पिळून फरशीवर अंथरली.

"हे रात्रभर तुरटीच्या पाण्यात होतं. हे साध्या पाण्यात. तुरटी काहून लावतात, शीलवंत?"

"रंग पक्का बसावा म्हणून. तुरटीतला धातू एका बाजूनं धाग्याला धरतो आणि दुसऱ्या बाजूनं..."

"बस. पक्का बसावा म्हणून."

शीलवंतच्या पुढ्यात कोऱ्या चहाचा कप होता. भंतेजींनी तो उचलला. शीलवंतले वाटलं, गरम करून देतात. तर त्यांनी अर्धा या फडक्यावर ओतला आणि अर्धा त्या फडक्यावर.

"अहो भंतेजी! चीवराचं कापड आहे ते!"

"हाव. माझंच आहे."

मग चहा मुरायची वाट पाहत बसले. शीलवंतही बसला. झाडावर एक मैना कोणाले तरी शिव्या देऊन राहिली होती. तेवढाच काय तो आवाज...

"आता धू."

"मी?"

"मग काय मैना धुईन?"

डॉक्टरसाहेबांनी बाह्या वर केल्या. साधं फडकं पाण्यात घातलं, दोनदा आपटलं, चहा निघाला. पाहायले गेलं तर किंचित पिवळं, बाकी काही नाही. मग तुरटीवालं घेतलं. आपटलं. चोळलं. पुन्हा चोळलं.

"निघत नाही."

"घास ना."

"नाही निघत, भंतेजी."

"मग चांगली आहे ना तुरटी? घट्ट धरते."

भंतेजींनी डागावर बोट ठेवलं.

"तिले विचारून पाहा. म्हणा, बाई, तुले पळस धरायचा होता का चहा?"

शीलवंतनं फडकं खाली ठेवलं. मग बोलला तेव्हा रेडिओ जरा खरखरला.

"ते मला माहीत नव्हतं असं नाही. जोडी जास्त घट्ट केली, की चुकीची जोडीही टिकायला लागते. एका अक्षराचा फरक असला तरी सोडत नाही. म्हणून पाणीही जास्त गरम घ्यायचं. आणि म्हणूनच रक्ताच्या नमुन्यांच्या प्रत्येक ट्रेत एक घर कंट्रोलचं असतं. चांगल्या माणसाचं रक्त, ज्यात सिकल नाही हे पक्कं माहीत आहे. धुतल्यावर ते घर कोरं झालं पाहिजे. झालं, तर समजायचं धुणं नीट झालं. नाही झालं, तर अख्खा ट्रे फेकायचा."

"मग?"

शीलवंत ओल्या बाह्या खाली ओढायले लागला.

"मग काय झालं, बाबू?"

"कुलुपं वाढवल्यावर इथं पुन्हा शिबिर घेतलं. रांग मोठी होती. लोक पहाटेपासून उभे. कंट्रोल काढला की ट्रेत एक माणूस जास्तीचा बसत होता. मी म्हटलं, संस्थेत तर रोज पाहतो, रोज कोरं होतं. ते घर मी... एका पेशंटला दिलं."

"तुझ्या संस्थेत पाणी कोण तापवते?"

"मशीन."

"आणि इथं?"

"केटली." तो खाली पाहून बोलला. "थंडीचे दिवस होते. केटलीतून ट्रेवर येईपर्यंत पाणी निवायचं. दुपारी ठीक होतं. पण सकाळचा पहिला ट्रे..."

झालं असं होतं. कुलुपं सात, पाणी कोमट. ज्याले सोडून द्यायचं, त्यालेही प्रोब धरून बसला. चांगलं रक्तही चमकलं. आणि ओरडून सांगणारं जे एक घर होतं, ते यानंच दुसऱ्याले देऊन टाकलेलं.

"समजलं कधी?"

"मागच्या आठवड्यात. त्या ट्रेतला एक जण मोठ्या दवाखान्यात गेला होता. तिथं वेगळ्या पद्धतीनं तपासलं, काहीच नाही निघालं. त्यांचा मला फोन आला. मग आमच्याकडे वाळवून ठेवलेले रक्ताचे थेंब होते, ते मी पुन्हा केले. सगळे केले. चुकला तो फक्त पहिला ट्रे."

"फक्त," भंतेजी म्हणाले.

शीलवंतनं मान वर केली नाही. आणि मग पहिल्यांदा गावच्या बोलीत आला.

"त्यात उत्पला होती, भंतेजी. तिलेही वाहक सांगितलं मी."

उत्पलाचं अभय वासनिकसोबत जमलं होतं. घरच्यांनी नाही, त्या दोघांनीच जमवलेलं. अभय वाहक, हे सगळ्यांले आधीपासून माहीत. म्हणून सारं तिच्या रिपोर्टवर अडलेलं. रिपोर्ट आला, वाहक. शीलवंतनं दोघांले समोर बसवलं, कागदावर चार चौकोन काढले, त्यातला एक बिमारीचा, नीट समजावून सांगितलं. दोघांनी ऐकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. उठले आणि दोन बाजूंनी दोघं गेले. मागच्या महिन्यात अभयनं दुसरीकडं लग्न केलं.

"आता सांगून काय होणार?" शीलवंत बोलत सुटला. "अभयचं लग्न झालं. ते काही वापस येणार नाही. पोट्टी सावरली आहे. क्लास चालू आहे, हसते, बोलते. तिले आता सांगायचं म्हणजे... उगाच खपली काढल्यासारखं होईल. नाही का?"

"सावरली?"

"हाव ना. आई म्हणाली माझी."

"तिले दोन स्थळं येऊन गेली. दोघांलेही तिनं दारातच सांगितलं, मी वाहक आहे, तुमच्या पोराचं तपासून घ्या. एक जण चहा न घेता उठला. दुसऱ्याची माय म्हणाली, रक्त खराब आहे पोरीचं."

"वाहक म्हणजे रक्त खराब नसते!" शीलवंत एकदम तापला. "किती वेळा सांगायचं या लोकांले!"

"सांग ना. त्या बाईले हे सांग. आणि उत्पलाले सांग का ती वाहकही नाही."

शीलवंत पुन्हा निवला.

"तुम्ही सांगा ना, भंतेजी. तुमचं ऐकते ती. तुमच्या तोंडून आलं तर..."

"कुलुपं मी लावली?"

"नाही, पण..."

"ते घर मी दिलं दुसऱ्याले?"

"नाही."

भंतेजींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. हंडा शांत झाला. ते त्याच्याकडंच पाहत बोलले, शीलवंतकडं नाही.

"एक मात्र माझं आहे. वर्गात मी तुम्हाले जोड्या तापवायले लावायचो. कोणती किती गरमीत सुटते, त्याची रेघ काढायची. ज्याची जोडी जास्त टिकली, त्याले जास्त मार्क. तुले नेहमी जास्त मार्क पडायचे." थांबले. "एकाही पोराले विचारलं नाही, का बाबू, तुझी जोडी कोणाले सोडते?... एवढी वर्षं शिकवलं. एकदाही नाही."

गुरूले असं हळू बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या.

भंतेजी दुपारी बाराच्या आत जेवतात, त्यानंतर पाणीच. गावातली घरं पाळीनं डबा आणतात. आज पाळी कोणाची होती, ते भंतेजींले माहीत असणारच. शीलवंतले नव्हतं.

"वंदामि, भंतेजी! घ्या, उशीर झाला म्हणू नका, अजून वेळ आहे..." आणि ती थांबली. "अगं बाई, शीलवंतदादा! तुम्ही कधी आले?"

"आत्ताच."

"आणि हात काहून ओले? भंतेजींनी कपडे धुवायले बसवलं वाटते!" उत्पला खदखदून हसली. "घ्या! एवढे शिकले आणि शेवटी धोबीघाट."

शीलवंतनं हसायचा प्रयत्न केला. चेहरा असा झाला, जसा कच्च्या कवठाचा घास घेतला.

उत्पलानं डबा उघडला, भंतेजींच्या पात्रात वाढलं, पाणी ठेवलं. मग पदराले हात पुसत शीलवंतसमोर बसली.

"बरं झालं भेटले. मले तुम्हाले सांगायचंच होतं. त्या दिवशी तुम्ही ते चौकोन काढून दाखवले ना, मी घरी जाऊन जाम रडली. तुमच्या नावानं बोटंही मोडली, खरं सांगते. पण मग आमच्या काकाचा पोट्टा आठवला. सिकलचाच होता. दुखायले लागलं की भिंतीवर डोकं आपटायचा. मोठा झालाच नाही तो... म्हटलं, माझं लेकरू तसं झालं असतं तर? माझ्याच्यानं पाहवलं नसतं. अभयलेही मी हेच म्हटलं. म्हटलं, दादानं वाचवलं आपल्याले, मनात काही ठेवू नको."

भंतेजी पात्रापुढं बसले होते. घास काही उचलला नाही.

पायऱ्या मोकळ्या होत्या. शीलवंतनं एकदा तिकडं पाहिलं. पळायचं असतं तर कोणी धरलं नसतं.

"उत्पला..."

"हं?"

"तो रिपोर्ट चुकला."

"कोणाचा?"

"तुझा."

तिचा हात गळ्यापाशी गेला. "म्हणजे... जास्त आहे काय? बिमारीच आहे मले?"

"नाही नाही! तसं नाही. काहीच नाही तुले. तू वाहक नाहीस."

"आता नाही?"

"कधीच नव्हती."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. जसं समोरचा काहीतरी परक्या भाषेत बोलला आणि आता कोणीतरी तिले समजावून सांगणार आहे...

कोणी सांगितलं नाही.

"चुकलं कसं?"

"प्रोब जास्त घट्ट..." त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "माझ्यानं चुकलं. एक घर तपासणीचं ठेवायचं असते. मी ठेवलं नाही. सकाळचा पहिला ट्रेच चुकला. ठेवलं असतं, तर त्याच दिवशी समजलं असतं."

"त्याच दिवशी."

"हाव."

"चौकोन काढायच्या आधी?"

"...हाव."

उत्पलानं पदराचं टोक बोटाले गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"अभयले माहीत आहे?"

"नाही. मी जातो त्याच्याकडं. उद्याच जातो, सगळं सांगतो, पाय धरतो..."

"नका जाऊ."

"उत्पला, त्याले माहीत..."

"नका जाऊ, दादा. त्याच्या बायकोचं काय चुकलं? घरात येऊन महिना नाही झाला तिले." मग अचानक मान वर केली. "त्या दिवशी रांगेत माझ्या मागं सुनंदाकाकूची रजनी उभी होती. ती पहिल्याच ट्रेत होती काय?"

शीलवंतनं मान हलवली. होती.

"तिच्याकडं पाहुणे येणार आहेत या रविवारी. पोरगा वाहक आहे. काकू नाही म्हणायच्या बेतात आहे." उत्पला उठली. "उद्या नाही, आज जा. आत्ता जा. आणि काकूले सांगताना घट्टबिट्ट काही सांगू नका, तिले समजणार नाही. चुकलं म्हणा."

तिनं झाकणं गोळा केली. एक खाली पडलं, गोल फिरत गेलं, तिनंच धावून धरलं.

"भंतेजी, भाजीत मीठ कमी असन तर सांगजा."

"बरोबर आहे, बेटा."

त्यांनी अजून चाखली नव्हती.

ती पायऱ्या उतरायले लागली. मधेच एका पायरीवर थांबली, जसं वर काही राहून गेलं. वळली नाही. मग उतरून गेली.

शीलवंत उभा होता. ओले हात तसेच अधांतरी.

"भंतेजी... एक शब्द बोलली नाही मले. शिवी नाही, शाप नाही. रागावलीसुद्धा नाही."

भंतेजींनी पहिला घास उचलला. हातातच धरून ठेवला.

"रागावली असती ना शीलवंत, तर तू सुटला असता."